मास्तरांचं कॅल्शियम

माप देताना माणूस खोटं बोलतो, असं आमच्या मास्तरांचं मत आहे. तोंडाने नव्हे, पोटाने. टेप कमरेभोवती फिरली रे फिरली की भलाभला सज्जन श्वास आत ओढतो आणि कवायतीला उभा असल्यासारखा ताठ होतो. ते खोटं माप वहीत जातं, त्या मापाचा कोट शिवला जातो, आणि आठ दिवसांनी तोच सज्जन आरशासमोर उभा राहून विचारतो, "मास्तर, कोट आटला का हो?"

"कोट नाही आटला," मास्तर म्हणतात, "तुम्ही सुटलात."

यावर मास्तरांनी एक युक्ती काढली आहे. टेप कमरेला नुसती लावायची, आवळायची नाही, आणि सहज विचारायचं, "तुमची थोरली आता कुठे असते?" माणूस थोरलीबद्दल बोलायला लागला की त्याला श्वास सोडावाच लागतो. श्वास कोंडून लेकीचं कौतुक करता येत नाही. पोट आपल्या मूळ गावी परत येतं, मास्तर टेप आवळतात आणि आकडा टिपतात. उत्तराकडे त्यांचं लक्ष असतंच असं नाही. माझी थोरली कुठे असते हे त्यांनी मला गेल्या नऊ वर्षांत सात वेळा विचारलं आहे. मला एकुलता एक मुलगा आहे.

त्यांचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी पायमशीन, मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जाड कागदाचे साचे, आणि मधोमध कापड बेतायचं टेबल. हे टेबल म्हणजे कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेचा दरवाजा आहे, चार पायांवर आडवा टाकलेला. कडीच्या जागी अजून भोक आहे. मास्तर त्या भोकात खडू ठेवतात. खोलीच्या टोकाला पडदा, आणि पडद्यापलीकडे संसार. वहिनी पडद्याच्या अलीकडे बसून काजं करतात, पलीकडे जाऊन कुकर लावतात, आणि बोलतात दोन्हीकडून. आता कुठल्या बाजूने उत्तर येईल याचा गिऱ्हाइकाला नेम नसतो.

मास्तर रोज रात्री जेवण झालं की एक गोळी घेतात. ती हाडाच्या बटणांच्या डब्यात असते, बटणांच्या वर. गोळी कसली असं कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर असे, "कॅल्शियम." साऱ्या इमारतीला हे माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या आजी तर म्हणायच्या, "इतकी वर्षं कॅल्शियम खातोय हा माणूस, याला जिन्यावरून ढकलला तर जिना मोडेल."

एकदा मीही विचारलं होतं, "मास्तर, कुठलं घेता हो कॅल्शियम? माझेही गुडघे बोलायला लागलेत."

मास्तरांच्या हातून टाचण्यांची डबी पडली. आम्ही दोघं बराच वेळ ओणवे होऊन टाचण्या वेचत बसलो, आणि माझा प्रश्न फरशीच्या कुठल्याशा फटीत गेला तो गेलाच.

पुढचं मी सांगतो ते मला दोघांनी नंतर मिळून सांगितलं आहे, एकमेकांना दुरुस्त करत करत. जिथे पाठभेद होता तिथे मी वहिनींचं धरलं आहे.

मास्तर अठ्ठाविसाव्या वर्षी मनाने आजारी पडले. तेव्हा ते एका मोठ्या शिवणखात्यात होते, एका दालनात चाळीस मशिनी. एक दिवस त्या चाळीस मशिनींच्या आवाजातून त्यांना स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. मग टोमणे. मग हुकूम. "टोमण्यांचं एवढं काही नव्हतं," मास्तर म्हणतात, "आमच्या अक्कामुळे सवय होती. पण मशीन हुकूम सोडायला लागलं तेव्हा माझी झोप गेली."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि अकरा दिवस त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर काढले. गोळी सुरू झाली. आवाज एकदम गेले नाहीत. रेडिओ आधी शेजारच्या घरात न्यावा, मग त्याच्या पलीकडच्या, मग गल्लीबाहेर, तसे गेले. घरी आल्यावर अक्कानेच गोळीचं बारसं केलं. म्हणाली, "कुणी विचारलं तर कॅल्शियम सांगायचं. लोकांना हाडं कळतात. मनाचं सांगत बसलास तर तुझ्या हातात कात्री कोण देईल?"

अक्काचा शब्द त्या घरात कायदा होता. गोळी आणायची तीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानातून नाही, बसने तीन थांबे पलीकडे जाऊन, जिथे कुणी ओळखीचं नाही. लग्न ठरायच्या वेळी मात्र मास्तरांनी कायदा मोडला. दुसऱ्याच भेटीत ते वहिनींना म्हणाले, "मी एक गोळी घेतो. ती कॅल्शियमची नाही." आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सकाळी लवकर जाग येत नाही. चहा तुम्हाला करावा लागेल."

एवढीच बोलणी झाली. मग गोळीचं खरं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मनाचे एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे वर्षातून दोन खेपा, तीन थांब्यांपलीकडचं ते दुकान, आणि बटणांचा डबा. चोवीस वर्षं सुरळीत.

मग गेल्या वर्षी मास्तरांना नागीण झाली.

उजव्या बरगडीवर पुरळाचा पट्टा उठला, तीन आठवड्यांत वाळला आणि गेला. पण जाताना आग मागे ठेवून गेला. कातडीवर काही दिसत नव्हतं, आणि आत निखारा. सगळ्यात वाईट म्हणजे त्या जागी कापडाचा स्पर्श सहन होईना. ज्या माणसाचं आयुष्य कापडावरून हात फिरवण्यात गेलं, त्याला मलमलसुद्धा करवतीसारखी लागायला लागली. मास्तरांनी एका धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचा शर्ट शिवला, शिवणी सगळ्या बाहेरून घेतल्या, आणि उजव्या बरगडीवर चक्क एक खिडकी कापली.

"ही नवीन फॅशन का?" गिऱ्हाईक विचारी.

"हवेशीर असतं," मास्तर सांगत. बोलताना हसत, पण हात त्या खिडकीभोवती आडोशासारखा धरलेला असे.

शेवटी वहिनी त्यांना नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तरुण बाई होत्या, नीट ऐकणाऱ्या. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"कॅल्शियम," मास्तर म्हणाले.

"रात्री एक," वहिनी म्हणाल्या. "कधी चुकवत नाहीत."

"छान," म्हणून डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

वहिनी आजही सांगतात, "भावजी, मी खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. घरात तिचं नावच ते होतं. मांजराला कुणी माऊ म्हणतं, तसं."

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची कॅप्सूल दिली. आधी रात्री एक, आठवड्याने सकाळीही एक. झोप येईल, चक्कर येईल, जपून राहा, असंही बजावून सांगितलं. ही कॅप्सूल मात्र वहिनींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून उजळ माथ्याने घेतली. नागीण सगळ्यांनाच होते, तिच्यात लपवायचं काय?

आणि कॅप्सूलने काम केलं. दहाव्या दिवशी मास्तरांनी खिडकी नसलेला शर्ट अंगात घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि आरशासमोर उभे राहिले. वहिनी म्हणतात, लग्नातसुद्धा ते आरशासमोर इतका वेळ उभे नव्हते.

पण त्याच सुमारास मास्तर पेंगायला लागले. सकाळी चहाचा कप हातात धरून झोप. मशीनवर झोप. बोलताना शब्द जरा घसरायचे. मी एकदा चेष्टा केली, "काय मास्तर, उत्तररात्री काही जोडधंदा काढलात काय?" ते हसले, पण हसू चेहऱ्यावर पोचायला वेळ लागला.

मी माझ्या कोटाच्या ट्रायलला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. भाचीच्या लग्नासाठी करड्या रंगाचं कापड दिलं होतं. मास्तर टेबलापाशी स्टुलावर बसले होते, आणि समोर कोटाच्या पुढच्या बाजूचे दोन तुकडे शेजारी शेजारी मांडून त्यांच्याकडे बघत होते.

"दोन्ही डावे आहेत," ते म्हणाले.

कागदाचा साचा एकदा ठेवून खडूने आखायचं, मग तो पालथा करून पुन्हा आखायचं. एक डावी बाजू, एक उजवी. मास्तर साचा पालथा करायला विसरले होते.

"होतं एखाद्या वेळी," मी म्हणालो. "मी हृदयाच्या बाजूचा माणूस आहे. दोन्हीकडून डावा शोभेन."

"तीस वर्षांत नाही झालं, भाऊ."

असं म्हणून ते उठायला गेले आणि डोळ्यांसमोर अंधारी येऊन तोल गेला. एका हाताने टेबल धरलं, दुसऱ्याचा धक्का मोठ्या कात्रीला लागला. कात्री खाली पडली ती टोकावर. फरशीवर खण्णकन वाजली आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर आडवी झाली. पडद्याआडून वहिनी धावत आल्या. त्यांनी आधी कात्री उचलली, मग मास्तरांकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, वहिनी अंगठ्यासाठी घाबरल्या. मला काय ठाऊक, त्या चोवीस वर्षं मागे जाऊन घाबरल्या होत्या.

ती भीती दोघांच्याही मनात होती, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होते. जुनं दुखणं परत तर येत नाही ना? मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. कॅप्सूल सोडली तर पुन्हा ती आग, पुन्हा शर्टाला खिडकी. ती सोडणं शक्य नाही. मग ही गुंगी कुणाची? सुरुवातीच्या काळात जुन्या गोळीनेही अशीच झोप यायची, ते त्यांना आठवत होतं. चोवीस वर्षं झाली, ते आवाज आता म्हातारे झाले असतील, कदाचित वारलेही असतील. तेव्हा जुनीच सोडून बघू. झालं. रात्री गोळी तळहातावर घ्यायची, पाणी प्यायचं, आणि गोळी मुठीतच ठेवायची.

पहिले दोन दिवस त्यांना जरा तरतरी वाटली, म्हणून ते खूश होते. झोप मात्र उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. मास्तर मशीन चालवत होते. मशीन मध्येच थांबलं. मास्तरांचा पाय पायट्यावर तसाच, मान मशीनकडे कललेली.

"काही म्हणालीस?"

"नाही."

ते पुन्हा चालवायला लागले, सावकाश. पुन्हा थांबले.

"आता?"

वहिनींच्या हातातला दोरा सुईत गेलाच नाही. पण ही बाई आरडाओरडा करणारी नव्हे. त्यांनी सुई उशीला खोचली, भिंतीवरची टेप काढली आणि म्हणाल्या, "अहो, उठा जरा. सावकाश. तुमचं माप घेते. एक धड शर्ट शिवायला हवा तुम्हाला."

"माझं माप पाठ आहे मला."

"गेल्या वर्षीचं आहे ते. उठा."

मास्तर उभे राहिले. टेप कमरेला लागली आणि, आयुष्यभर लोकांना ज्यावरून बोलले, तेच त्यांनी केलं. पोट आत घेतलं. वहिनींनी टेप सैलच धरली. इकडचं तिकडचं बोलावं तसं विचारलं, "अक्का असत्या तर आज काय म्हणाल्या असत्या हो तुम्हाला?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि धरलेला सगळा श्वास बाहेर आला.

"म्हणाली असती, गोळी कुठे आहे गाढवा."

"कुठे आहे?"

मास्तरांनी टेबलाच्या भोकातला खडू काढला आणि मागोमाग तीन गोळ्या काढल्या. खडूच्या भुकटीने निळ्या झालेल्या. वहिनींच्या तळहातावर ठेवल्या.

"आवाज आलेले नाहीत अजून," ते म्हणाले. "पण मशीन घसा खाकरतंय."

मग म्हणाले, "माझीच युक्ती माझ्यावर."

"दुसरी कुठली शिकवलीत मला?" वहिनी म्हणाल्या, आणि टेप त्यांच्या कमरेभोवती तशीच धरून जरा वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतर अर्ध्या तासाने मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गुडघ्याचं मलम घेत होतो. वहिनी आल्या. त्यांच्या हातात दोन पाकिटं होती. मला पाहून त्या थबकल्या. आत्तापर्यंत जे पाकीट पर्सच्या तळाशी, रुमालात गुंडाळून, तीन थांबे प्रवास करायचं, ते त्यांच्या हातात उघडं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही पाकिटं काउंटरवर दुकानाच्या बाईंसमोर शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, हे दोन्ही त्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. "ही कॅप्सूल तुमच्याकडची. ही गोळी ते चोवीस वर्षं घेतात. मनाची आहे. नसांच्या डॉक्टरांना आम्ही सांगितलेलं नाही."

मी मलमाच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायला लागलो. चष्मा घरी होता.

दुकानाच्या बाईंनी दोन्ही पाकिटं उलटसुलट करून बघितली. "झोप फार येते? उठताना तोल जातो?"

"हो. विष झालंय का काही?"

"नाही हो. दोन्ही मिळून देतात डॉक्टर, कितीतरी जणांना देतात. पण देताना त्यांना माहीत असतं, मग ते त्या बेताने देतात. ही झोप आणते, तीही आणते. दोघींची बेरीज होते."

"मग कुठली बंद करू? त्यांनी ही तीन दिवस घेतलेली नाही."

"कुठलीही नाही. आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि आपल्या मनाने भरपाई म्हणून तीन एकदम द्यायच्या पण नाहीत. दोन्ही औषधं अशी आहेत की अचानक सोडली तर उलटतात." बाईंनी फोन उचलला होता. "आत्ता श्वास बरा आहे ना? हाक मारली की उठतात ना?"

"उठतात. कुरकुरत, पण उठतात."

"कुरकुर चांगली. हाकेला उठले नाहीत, किंवा श्वास फार मंद वाटला, तर माझ्याकडे यायचं नाही, थेट इस्पितळ." मग फोनमध्ये म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे ते शिंपी मास्तर. आज पाठवते. जरा बोलायचंय त्यांना."

त्या दुपारी नसांच्या डॉक्टरांच्या खोलीत मास्तर खुर्चीच्या टोकावर बसले. वहिनी म्हणतात, टेबलावरच्या पेपरवेटचं माप घेत असल्यासारखे बघत होते. त्या काही बोलणार तेवढ्यात मास्तरच म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी पोट आत घेतलं होतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मग मास्तरांनी टेपची गोष्ट सांगितली, मग चाळीस मशिनींची, मग अक्काची, आणि शेवटी गोळीचं खरं नाव. एकेक अक्षर सुटं करून. लग्न ठरल्यापासून ते नाव त्यांनी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, त्यामुळे एक काना चुकला. डॉक्टरांनी दुरुस्त केला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "कॅल्शियम म्हणून मी लिहून घेतलं, पुढे विचारलं नाही, ती माझीही चूक," असं म्हणाल्या, आणि मास्तरांच्या समोरच म्हाताऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मशीन काय म्हणतंय, मास्तर?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"घसा खाकरतंय."

"भाषण सुरू व्हायच्या आत फोन केलात ते बरं. आज रात्रीपासून गोळी नेहमीसारखी, एकच. परवा मला येऊन भेटा. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय एकही टाका उसवायचा नाही."

मग दोघा डॉक्टरांचं आपापसात बोलणं झालं. डॉक्टरबाईंनी मास्तरांचा रक्तदाब आधी निजवून घेतला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तो खाली येत होता. त्या दिवशी कात्री पडली ती त्यामुळे. कॅप्सूल मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, ती नीट पडते ना हे बघायला रक्त तपासायला दिलं. सकाळची कॅप्सूल थांबवली, रात्रीची ठेवली. मास्तर दारू घेत नाहीत हे ऐकून खूश झाल्या, पण सर्दीखोकल्याच्या औषधांनीही गुंगी येते, विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा नाही, असं वहिनींकडे बघून सांगितलं. पलंगावरून उठताना आधी कडेला बसायचं, दहा आकडे म्हणायचे, मग उभं राहायचं.

"आणि कात्री?" मास्तरांनी विचारलं. त्या घरात हाच खरा प्रश्न होता.

"पंधरा दिवस नाही. मगसुद्धा उन्हं वर आल्यावरच, डोकं स्वच्छ असेल तेव्हा."

"म्हणजे दोन्ही चालतील?" मास्तर म्हणाले. "मला वाटलं होतं, एक निवडावी लागेल. शर्ट का डोकं."

"दोन्ही ठेवू. पण मला सारखं येऊन दाखवावं लागेल."

"ट्रायल," मास्तर म्हणाले. "आत्ता कच्चे टाके घातलेत. बसतंय असं दिसलं की मग मशीन मारायचं."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि माप देताना..."

"पोट सोडून," वहिनी म्हणाल्या.

ते पंधरा दिवस मास्तरांनी नुसती दुमड घालण्यात काढले. बेतायचं काम आलं की वहिनी गिऱ्हाइकाला सांगत, "कात्रीला सुट्टी आहे." झोप हळूहळू उतरली. मशीनचा घसा आठवड्याभरात साफ झाला. आता ते नुसतं मशीनसारखं वाजतं. बरगडीची आग पूर्ण गेलेली नाही. काही दिवशी शर्ट टोचतो, आणि मग ते खिडकीवाला काढतात. पण ते दिवस मोजके. आता ते अकराच्या आत कापडाला कात्री लावत नाहीत. मापाच्या वहीत त्यांनी स्वतःसाठी एक पान काढलं आहे: दोन्ही औषधांची खरी नावं, कुठलं कधी, किती, आणि दोन्ही डॉक्टरांचे नंबर. त्याची एक प्रत कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. तीन थांब्यांचा प्रवास बंद झाला. वहिनी म्हणतात, त्या बसच्या कंडक्टरला मात्र चुकल्यासारखं वाटत असेल.

माझ्या कोटाचे ते दोन डावे तुकडे वाया गेले नाहीत. वहिनींनी ते एकमेकांना जोडून स्टुलाची उशी केली, मास्तरांना बसून बेतता यावं म्हणून. भाचीच्या लग्नाला मी जुनाच कोट घालून गेलो आणि माझा नवा कोट मास्तरांच्या बुडाखाली राहिला.

परवा पुन्हा मापाला गेलो. मास्तर पडद्यासमोर उभे, टेप माझ्या कमरेला.

"थोरली आता कुठे असते तुमची?"

"मला थोरली नाही, मास्तर."

"माहितीये," ते म्हणाले. टेप त्यांनी आवळली नाही. "तुम्ही मागे एकदा विचारलं होतंत. कुठलं कॅल्शियम घेतो म्हणून."

पडद्याआड भांडी वाजत होती, ती थांबली. त्या दिवशी काउंटरवर मी काय ऐकलं ते मला माहीत होतं, मला माहीत आहे हे मास्तरांनाही माहीत होतं, आणि तरी त्यांनी सगळं नीट, पहिल्यापासून सांगितलं. गोळीचं नाव या वेळी एकही काना न चुकवता.

"ती मनाची आहे," ते म्हणाले. "चोवीस वर्षं घेतोय. कात्री चालवता येते ती तिच्यामुळे."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. अशा वेळी जे येतं तेच तोंडातून आलं.

"मग माझ्या गुडघ्यांचं काय?"

"ते डॉक्टरांना विचारा," पडद्यापलीकडून वहिनी म्हणाल्या. "आणि विचारतील ते सगळं खरं सांगा."

मास्तरांनी टेप आवळली, आकडा बघितला, आणि मला न सांगता वहीत लिहिला.